कडेकोट गुप्तता

सचिव मुळात भित्रे. ते स्वतः 'सावध' म्हणायचे. पण गॅस बंद केल्यावर तीनदा परत जाऊन बघणाऱ्या आणि लिफ्टमध्ये शिरण्याआधी आतली डोकी मोजणाऱ्या माणसाला दुनिया काय म्हणते ते तुम्हाआम्हाला माहीत आहे. अशा माणसाच्या हाती कुणी घराघरांतली गुपितं द्यावीत का? नाही ना? पण मदत मंडळानं दिली, कारण वळणदार अक्षराचा आणि दुपारी रिकामा असलेला दुसरा माणूस मंडळाला मिळेना.

हे मंडळ आजारी माणसांना औषधं, वॉकर, चाकाच्या खुर्च्या असलं काहीबाही मिळवून द्यायचं. मंडळाकडे स्वतःचं असं एक कपाट आणि एक शिक्का. बाकी सगळं एका मोठ्या संस्थेकडे अर्ज करून मागवायचं आणि ज्याचं त्याला पोचतं करायचं. नियम मात्र लोखंडी होता. मदत कुणाला गेली हे अध्यक्षबाई आणि सचिव या दोघांखेरीज तिसऱ्याला कळता कामा नये. अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मेट्रन. त्यांनी नुसतं रोखून बघितलं तरी धडधाकट माणूस मुकाट्यानं खाटेवर जाऊन पडायचा. सचिव त्यांच्याशी फोनवरसुद्धा उभं राहून बोलायचे.

आता सचिवांच्या जुन्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. ते छापखान्यात कॉपीहोल्डर होते. म्हणजे काय, तर मुद्रितशोधक छापलेला कच्चा कागद घेऊन बसायचा आणि त्याच्यासमोर बसून यांनी मूळ हस्तलिखित वाचून दाखवायचं, तेही स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. शेजारी यंत्रं खडखडत असायची, त्यामुळे वाचायचं ते भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेतानं. चौतीस वर्षं हा उद्योग केलेल्या माणसाला मनातल्या मनात वाचता येत नाही, आणि लिहिता तर मुळीच येत नाही. बोट चाललं की तोंड चालतं. हे तुम्ही ध्यानात ठेवा. सचिवांनी ठेवलं नाही, कारण त्यांना ते ठाऊकच नव्हतं. माणसाला स्वतःचं घोरणं कुठं ऐकू येतं? बायकोनं लग्नानंतर पहिली पाच वर्षं सांगून बघितलं, मग तिनं कानाला सवय लावून घेतली.

तर झालं असं की, त्या मोठ्या संस्थेनं अर्जाचा नमुना बदलला. पूर्वी एक पान होतं, आता तीन पानं झाली. रुग्णाची हकीकत लिहा, गरज का आहे ते लिहा, मदत न मिळाल्यास काय होईल ते लिहा, आणि सगळं संगणकावरून पाठवा. सचिवांनी पहिली हकीकत लिहायला अकरा दिवस घेतले, आणि ती 'त्रोटक' असा शेरा मारून परत आली. चौतीस वर्षं दुसऱ्यांचं लिखाण तपासण्यात घालवलेल्या माणसाला 'त्रोटक' हा शब्द जसा झोंबतो तशी वेळ शत्रूवरसुद्धा येऊ नये. ते दोन दिवस नीट जेवले नाहीत.

शेवटी दूर नोकरीला असलेली भाची फोनवर म्हणाली, "मामा, एआयला सांगा की लिहायला."

"ते सगळं जगजाहीर करतं म्हणतात."

"सगळेच नाही करत. एक सहायक आहे, खास गुप्ततेसाठीच बनवलेला. तुम्ही लिहिलेलं कुलूपबंद राहतं, तो बनवणाऱ्यांनासुद्धा वाचता येत नाही. वकील वापरतात, डॉक्टर वापरतात."

"आणि कुलपाची किल्ली हरवली तर?"

"तर मग तुम्हालाही वाचता येणार नाही."

हे ऐकून दुसरा कुणी काळजीत पडला असता. सचिवांना मात्र पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

पण मंडळात कुठलीही गोष्ट अशी सरळ होत नाही. अध्यक्षबाईंनी बैठक बोलावली. तीन बैठका झाल्या. पहिलीत गणसंख्या भरली नाही, दुसरीत चहा आला नाही, तिसरीत ठराव झाला: 'सदर सहायकाने मंडळाची कोणतीही माहिती बाहेर फोडू नये असे सर्वानुमते ठरले. ठरावाची एक प्रत सदर सहायकास देण्यात यावी व हा ठराव गुप्त ठेवावा.' आणि मंडळाच्या घटनेप्रमाणे प्रत्येक ठराव सात दिवस वसाहतीच्या सूचना फलकावर लावावा लागतो, म्हणून हाही लावला. सचिव सात दिवस फलकाच्या आसपास घुटमळत राहिले, कुणी वाचायला आलं की मध्ये उभे राहायचे.

तरीही वरच्या मजल्यावरच्या कंपाउंडरनं तो वाचलाच. हा निवृत्त कंपाउंडर म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. सकाळी त्याच्या कानात टाकलेली बातमी दुपारी गच्चीवर वाळत पडलेली दिसायची.

"सचिवसाहेब, जपून हं," तो आवाज खाली आणून म्हणाला. "त्या यंत्राला सांगितलेलं सगळं वर जातं."

"वर म्हणजे कुठं?"

कंपाउंडरनं एक बोट छताकडे केलं आणि डोळे मिटले. बस्स, एवढंच. त्या रात्रीपासून पुढे दोन महिने सचिव छताकडे पाठ करून झोपले.

सहायकाचं कुलूप उघडायचे परवलीचे बारा शब्द आले. भाचीनं बजावलं, हे एकत्र कुठंही लिहून ठेवू नका. सचिवांनी बारा चिठ्ठ्या केल्या आणि बारा ठिकाणी लपवल्या. तिसऱ्याच दिवशी बायको डाळीचा डबा घेऊन बाहेर आली, हातात चिठ्ठी.

"अहो, डाळीत 'जावई' काय लिहून ठेवलंय? आपल्याला मुलगी तरी आहे का?"

"हळू बोल!" सचिव दबक्या आवाजात ओरडले. "तो चौथा शब्द आहे!"

"बूट ठेवायच्या कपाटात 'कंदील' सापडलाय. तोही तुमचाच का?"

सचिवांनी बाकीच्या चिठ्ठ्या गोळा करून, शब्द पाठ करून, कागद पाण्यात भिजवून, लगदा करून टाकला. मग पाच शब्दांचा क्रम विसरले. ते आठवेपर्यंत काय हाल झाले ते मी सांगत बसत नाही, माणसाची अब्रू असते.

अखेर काम सुरू झालं. रोज दुपारी चार वाजता बायको शिवणवर्गाला गेली की सचिव पहिल्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत बसायचे. दाराला आतून कडी आणि कडीला वरून खुर्ची. खिडकी मात्र सताड उघडी. हा त्यांचा खास बंदोबस्त होता, कारण खिडकीतून फाटक आणि जिन्याचं तोंड दिसायचं. कुणी येताना दिसला की संगणक मिटता येईल असा हिशेब. सहायकानं पहिल्याच दिवशी लिहिलं होतं की लाभार्थीचं नाव दिलं नाही तरी चालेल. सचिवांनी तो सल्ला शिरसावंद्य मानला. नाव म्हणून लिहायचं नाही. त्यांनी लिहिलं: 'लाभार्थी क्रमांक सात, तळमजला, डावीकडचं दार, निवृत्त मुख्याध्यापक, पांढऱ्या मिशा, हाती काठी, अत्यंत मानी. पत्नीस कंपवात.' आता यात नाव कुठं आहे, दाखवा.

या क्रमांक सातपायीच सचिवांचा जीव टांगणीला लागला होता.

सगळी वसाहत त्यांना हेडसर म्हणायची आणि त्यांच्या पत्नीला काकू. काकूंचे हातपाय थरथरायचे. मंडळातून येणारी गोळी वेळेवर मिळाली तर त्या स्वतःच्या हातानं जेवायच्या, घरातल्या घरात चालायच्या. एक गोळी चुकली की हातातला पेला सांडायचा, दिवसभराच्या चुकल्या की पाऊल जमिनीला चिकटायचं. ती गोळी बाजारात सहजी मिळत नव्हती, संस्थेकडूनच यायची. सुरुवातीला, जुन्या एक पानी अर्जाच्या काळात, हेडसर मदतीला तयार होईनात तेव्हा सचिवांनी आठवडाभर त्यांच्या दाराशी खेटे घातले. अखेर सरांनी एक अट घातली.

"सचिव, ज्या दिवशी हे तुमच्या मंडळाबाहेर कुणाला कळेल, त्या दिवशी मी औषध परत करीन. माझा शब्द आहे."

हेडसरांचा शब्द म्हणजे काय चीज आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. निवृत्तीच्या समारंभात शाळेनं त्यांना आरामखुर्ची दिली. ती एका पालकानं आणून दिलीय असं भाषणात कुणीतरी बोलून गेलं, आणि सर ती खुर्ची डोक्यावर घेऊन त्या पालकाच्या घरी पोचवून आले. तेव्हा त्यांची कंबर धरली ती अजून सुटली नव्हती. संमतीपत्रावर दोन साक्षीदार लागतात म्हटल्यावर ते म्हणाले, "गुप्ततेला साक्षीदार? कमाल आहे तुमची!" शेवटी अध्यक्षबाई आणि सचिवांनीच साक्ष घातली. गोळ्यांचा खोका पुस्तकांच्या पार्सलसारखा बांधून द्यायचा हेही ठरलं.

पहिला महिना निर्विघ्न गेला. अर्ज झरझर तयार होऊ लागले. सहायक सचिवांच्या ओबडधोबड वाक्यांना अशी घडी घालून द्यायचा की 'त्रोटक'वाले गप्पच झाले. सचिवांना वाटलं, चला, जमलं एकदाचं.

आणि मग गोष्टी घडायला लागल्या.

शिवणकाम करणाऱ्या मावशींसाठी वॉकरचा अर्ज गेला. वॉकर आला तेव्हा सचिवांनी तो गोणपाटात गुंडाळून, लांबच्या जिन्यानं, घामाघूम होत नेला. बघतात तर मावशींच्या दारासमोरच्या अरुंद वाटेतल्या कुंड्या, चपलांची मांडणी, जुनी सायकल, सगळं कुणीतरी हलवून वाट साफ केलेली. कंपाउंडर शेवटची कुंडी उचलत होता.

"हे काय चाललंय?" सचिवांनी विचारलं.

"काही नाही, सहज. जायला-यायला अडायला नको." आणि गोणपाटाकडे न बघता तो शीळ घालत निघून गेला. शीळ घालणारा कंपाउंडर सचिवांनी याआधी कधीच पाहिला नव्हता.

आठवड्यानं फाटकावरच्या वॉचमनच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचा अर्ज झाला. त्याला समोरचा माणूस ओळखू येत नाही हे त्यानं नोकरी जाईल या भीतीनं सगळ्यांपासून लपवलेलं. दुसऱ्या दिवशी सचिव फाटकातून येतात तो पुढचा माणूस मोठ्यानं म्हणतो, "मी इस्त्रीवाला, कपडे घेऊन आत चाललोय!" मागून आवाज, "मी कंपाउंडर, भाजी आणली!" पाठोपाठ सहा नंबरच्या आजी, "मी हो मी, सहा नंबर!" प्रत्येक जण आकाशवाणीसारखा आपली ओळख सांगत आत जातोय, आणि वॉचमन खुशीत सलाम ठोकतोय. सचिवांच्या हातातली पिशवी गळून पडली. टोमॅटो जिन्यापर्यंत गेले.

फुटलं होतं. कुठून फुटलं, कसं फुटलं, ठाऊक नाही. पण फुटलं होतं खास. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तशी गत. आता सचिवांना जिकडेतिकडे डोळे दिसायला लागले. फाटकाजवळचं बाकडं कुणीतरी उचलून बरोबर त्यांच्या खिडकीखाली आणून ठेवलं होतं, आणि तिथं रोज चार वाजता कंपाउंडर आणि इस्त्रीवाला मुकाट बसलेले असायचे. 'सावली असते,' असं म्हणाले. आता दुपारी चारला त्या भिंतीवर रणरणतं ऊन असतं हे शाळेतलं पोरही सांगेल. सचिवांनी ओळखलं, पाळत आहे. म्हणून त्यांनी संगणक आणखी खिडकीशी सरकवला, म्हणजे यांच्यावर नजर राहील.

"मी काय म्हणते," बायको म्हणाली, "एवढी भीती वाटते तर सोडून द्या ते सचिवपण."

"आणि क्रमांक सातचं काय? सर औषध परत करतील. त्या काकू..." सचिवांना खरंच रडू येत होतं. स्वतःची भीती त्यांना जन्मभर पुरली होती, पण दुसऱ्या कुणाचं आपल्यामुळे वाटोळं होईल ही भीती नवी होती, आणि ती फार वाईट होती.

तो दिवस उजाडला. क्रमांक सातच्या अर्जाचं तिमाही नूतनीकरण, शेवटची तारीख, वेळ संध्याकाळी पाच. चुकली तर नवा अर्ज, आणि नव्या अर्जाला सहा महिन्यांची रांग. चार वाजता सचिवांनी कडी घातली, खुर्ची लावली, खिडकी उघडली. त्यांनी ठरवलं, आज आधी सोक्षमोक्ष लावायचा. त्यांनी लिहायला घेतलं आणि अर्थातच तोंडही सुरू झालं.

"खरं सांग स्वल्पविराम तू कुणाला सांगितलंस प्रश्नचिन्ह!"

उत्तर पडद्यावर उमटलं, आणि सचिवांनी तेही छापखान्याच्या सुरात वाचलं: "मला इथून कुणालाही काही सांगता येत नाही पूर्णविराम. हे संभाषण तुमच्याच कुलपात राहतं पूर्णविराम. ही माहिती तुम्ही आणखी कुणाशी बोललात का प्रश्नचिन्ह."

सचिवांचा संताप संताप झाला. चोर तो चोर, वर शिरजोर! "मी स्वल्पविराम मंडळाचा मानद सचिव स्वल्पविराम एक चकार शब्द बोललेलो नाही उद्गारचिन्ह! लिहिताना खोलीत कुणी नसतं पूर्णविराम. दाराला कडी असते पूर्णविराम. पाळत ठेवता यावी म्हणून खिडकी तेवढी उघडी असते पूर्णविराम. आणि आज क्रमांक सात स्वल्पविराम म्हणजे ते मिशीवाले मुख्याध्यापक स्वल्पविराम यांचं औषध तुझ्यामुळे बंद पडलं तर मी तुला सोडणार नाही!"

पुन्हा उत्तर आलं. सचिव वाचू लागले, "तुमची काळजी समजते पूर्णविराम. एक विचारू का प्रश्नचिन्ह. लिहिताना तुम्ही मोठ्यानं वाचता का स्वल्पविराम आणि उघड्या खिडकीतून आवाज बाहेर जातो का प्रश्नचिन्ह."

खिडकीखालून दोन आवाज एकदम आले.

"जातो!"

सचिव जागच्या जागी थिजले. मग हळूच उठून खिडकीतून डोकावले. बाकड्यावरून कंपाउंडर आणि इस्त्रीवाला वर बघत होते. इस्त्रीवाल्यानं जीभ चावली होती.

दाराला लावलेली खुर्ची काढताना ती सचिवांच्या पायावर पडली. तसेच लंगडत ते खाली आले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं. आवाज फुटत नव्हता. आता, सगळं होऊन गेल्यावर!

"पहिल्या दिवसापासून," कंपाउंडर म्हणाला. "आधी वाटलं रेडिओवर काही लागलंय. मग म्हटलं, रेडिओवाले 'पूर्णविराम' कशाला म्हणतील?"

"आणि... क्रमांक सात?"

दोघांनी माना खाली घातल्या.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही!" कंपाउंडर उसळला. "वॉचमनसाठी नुसतं 'आवाज देत जा' म्हणून सांगितलं, का ते नाही सांगितलं. आणि सरांचं तर जीभ झडो माझी! दोन महिने पोटात ठेवलंय, सचिवसाहेब. मी! मला अन्न पचेना. उलट तुमचं 'क्रमांक सात' सुरू झालं रे झालं की मी सरांना पार मैदानापर्यंत फिरायला न्यायचो. त्यांच्या कानावर येऊ नये म्हणून. त्यांचं व्याकरण ऐकत दोन दोन तास चाललोय मी, गुडघे बघा माझे!"

सचिवांच्या डोळ्यांत पाणी आलं. गावभर बोभाटा करणारा माणूस, आणि तोच मूठ झाकून बसला होता. ते त्याचा हात धरणार, तेवढ्यात त्यांच्या मनात एक भयंकर विचार आला.

"मग आज सरांना कोणी नेलंय फिरायला?"

कंपाउंडरचा चेहरा पांढरा पडला. "आज... आज तुम्ही त्या यंत्राची उलटतपासणी घेत होता ना. इतकं रंगात आलं होतं, म्हटलं शेवट ऐकूनच जावं."

"कंपाउंडर," मागून आवाज आला, "तुम्ही आज चार वाजता येतो म्हणाला होतात, आला नाहीत, म्हणून मीच तुम्हाला बघायला आलो."

भिंतीच्या कोपऱ्याशी हेडसर उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"सर, आम्ही काही ऐकलंच नाही," कंपाउंडर घाईघाईनं म्हणाला.

"दोन महिने झाले, काहीच ऐकलं नाही," इस्त्रीवाल्यानं दुजोरा दिला.

"सचिव, अट आठवते?"

"सर, चूक माझी आहे, काकूंची नाही..."

"माझी संमती मी मागे घेतो. उरलेल्या गोळ्या आणून देतो." आणि सर वळून चालू लागले.

चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. सचिवांनी अध्यक्षबाईंना लावायला खिशातून फोन काढला आणि परत ठेवला. आयुष्यभर ते कुणाच्या ना कुणाच्या मागे उभे राहत आले होते, आणि आज पुढं कुणी नव्हतं. संमतीपत्राचा कोरा कागद घेऊन ते सरांच्या दाराशी पोचले. मागे तीन पावलं कंपाउंडर, त्याच्या मागे इस्त्रीवाला.

सर खोका घेऊनच बाहेर आले. "घ्या."

"नाही घेणार," सचिव म्हणाले. "सर, मी घाबरट माणूस आहे. मला लिफ्टची भीती वाटते, तुमची वाटते, अध्यक्षबाईंची तर झोपेतही वाटते. पण हा खोका हातात घ्यायची भीती सगळ्यांत जास्त वाटते. उद्या काकूंचं पाऊल उचललं नाही तर मी कुठं तोंड लपवू? मला हवं ते बोला, सचिवपद काढून घ्या, पण हे नका करू."

"मी शब्द दिला होता," सर म्हणाले आणि दार लोटू लागले. सचिवांनी उंबऱ्यात पाय घातला, नेमका खुर्ची पडलेला. त्यांच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती छापखान्यातल्या चौतीस वर्षांत निघाली नसेल.

आतून काकूंचा आवाज आला, "कोण आहे हो?"

"कोणी नाही," सर म्हणाले.

"कोणी नाही तर ओरडलं कोण?"

भिंतीला धरत धरत काकू दारापर्यंत आल्या. दोन वर्षांत वसाहतीतल्या कुणी त्यांना पाहिलं नव्हतं. केस सगळे पांढरे झाले होते, उजवा हात पदराशी थरथरत होता. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग सरांच्या हातातल्या खोक्याकडे.

"हे कुठं नेताय?"

"परत करतोय. सगळ्यांना कळलंय."

"काय कळलंय?"

"हेच. तुझं आजारपण, ही मदत, सगळं."

काकू म्हणाल्या, "हात माझे थरथरतात. गोळी मी घेते. आणि परत करायची की नाही ते तुम्ही ठरवलंत. मला कुणी विचारलं?"

"अगं, मी शब्द दिला होता."

"तुमचा होता ना? मग तुम्ही पाळा. तुम्ही नका घेऊ गोळी." त्यांनी खोका त्यांच्या हातातून ओढून घेतला. तो हातात टकटक वाजायला लागला, पण त्यांनी सोडला नाही. "अहो, दोन वर्षं मी दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. लोक हात बघतील म्हणून. मला वाटलं तुम्हाला माझी लाज वाटते."

"लाज?" सर म्हणाले. "तुझी? अगं, मला... तुला कुणी बिचारी म्हटलेलं मला ऐकवलं नसतं."

"मग मला विचारायचं होतं, मला ऐकवलं असतं का ते."

सर काठी या हातातून त्या हातात करत राहिले.

"सचिव, तो कागद कसला?" काकूंनी विचारलं.

"संमतीपत्र, काकू. पाचच्या आत पाठवलं तर..."

"इकडे द्या."

काकू खुर्चीत बसल्या आणि लेखणी हातात घेतली. सर कागद धरायला पुढं आले. "धरू नका," त्या म्हणाल्या. पहिलं अक्षर कागदाबाहेर गेलं. कंपाउंडर श्वास रोखून उभा होता, इस्त्रीवाला देवाचं नाव घेत होता. दुसरं अक्षर लागलं. सही पुरी व्हायला चांगली तीन-चार मिनिटं गेली असतील, कुणी घड्याळाकडे बघितलं नाही, आणि सचिवांनी तर नाहीच नाही. वाकडीतिकडी, वर चढलेली, अर्धी चौकटीबाहेर, पण पूर्ण सही होती. खाली साक्षीदार म्हणून कंपाउंडर आणि इस्त्रीवाल्यानं आपापली नावं घातली.

"पाठवा," काकू म्हणाल्या. सचिव कागद घेऊन लंगडत जिन्याकडे धावले. "आणि अहो, मला जरा बाहेर न्या बघू."

"आत्ता?" सर म्हणाले. "लोक बघतील."

"बघू देत की. दोन वर्षांत कोण किती म्हातारं झालंय ते मलाही बघायचंय." त्यांनी कंपाउंडरकडे निरखून पाहिलं. "हा तर फारच झालाय."

सरांनी काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हात मोकळे केले आणि काकूंना उठवायला वाकले.